हसलं की टाके दुखतात

पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर हसणं हे कष्टाचं काम असतं. खोकला, शिंक आणि हसू, तिन्हींचा ताण थेट टाक्यांवर येतो. म्हणून वॉर्डातल्या सिस्टर पहिल्याच दिवशी शिकवतात, की खोकला यायला लागला की घडी केलेली चादर पोटाशी घट्ट धरायची आणि मग खोकायचं. हसू आल्यावर काय करायचं ते कुणी वेगळं सांगत नाही. चादर हाताशी असतेच, पेशंट ती आपसूक पोटाशी धरतात. या पुस्तकात ज्यांचे अनुभव आहेत ती सगळी दुखणार हे ठाऊक असून हसलेली माणसं आहेत. 

सगळ्यांची ऑपरेशनं कॅन्सरची आणि मोठी. कुणाचा अर्धा जबडा गेला, कुणाची जीभ, कुणाचं स्वरयंत्र, कुणाचे दोन्ही स्तन, कुणाचं मूत्राशय. मी त्यांच्यातलीच. माझं गुदाशय आणि गुदद्वार काढून टाकलेलं आहे, पोटावर डाव्या बाजूला कायमचं छिद्र आहे आणि त्यावर पिशवी. बरी झाल्यावर मी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटांशी बोलायला वॉर्डात जाऊ लागले. डॉक्टर ऑपरेशन समजावून सांगतात, सिस्टर पिशवी कशी लावायची ते दाखवतात. पण पिशवी लावून भाजी आणणारी, लग्नाच्या पंगतीत जेवणारी, एसटीने गावोगाव फिरणारी बाई समोर येऊन बसली की पेशंटच्या मनातले वेगळेच प्रश्न बाहेर येतात. तिथे ऐकलेलं साचत गेलं आणि त्यातून हे पुस्तक उभं राहिलं. काहींनी स्वतः लिहून दिलं, काहींनी सांगितलं ते आम्ही उतरवून घेतलं, ज्यांचा आवाज गेला होता त्यांनी वहीत लिहिलं. नाव कुणाचंच छापलेलं नाही. गाव, धंदा आणि बोली मात्र जशीच्या तशी ठेवली आहे, कारण या माणसांचा विनोद तिथूनच येतो.

कॅन्सरच्या ऑपरेशनकडे हसत पाहायचं आणि ते चारचौघांत सांगायचं, याचं मला सर्वांत जवळचं वाटणारं उदाहरण जे. बी. एस. हाल्डेन यांचं आहे. १८९२ साली ऑक्सफर्डला जन्मलेला हा माणूस विसाव्या शतकातल्या थोर जीवशास्त्रज्ञांपैकी एक. डार्विनची उत्क्रांती आणि मेंडेलची आनुवंशिकता यांची गणिताने सांगड घालणाऱ्या मोजक्या लोकांत त्यांचं नाव येतं. १९५७ साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या बोलावण्यावरून ते कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आले, पुढे भारतीय नागरिक झाले आणि शेवटची वर्षं भुवनेश्वरला राहिले. स्वतःच्या शरीरावर प्रयोग करण्याची त्यांना जुनी सवय होती. हवेच्या दाबाच्या प्रयोगांत त्यांच्या कानाचा पडदा फाटला, तेव्हा आता तंबाखूचा धूर कानातून सोडून चार लोकांना चकित करता येतं, असं ते खुशीत सांगत.

१९६३ च्या अखेरीस परदेश दौऱ्यावर असताना त्यांना रक्त पडू लागलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. गुदाशय काढून आतड्याचं तोंड पोटावर आणायचं, हे ऑपरेशन अर्नेस्ट माइल्स या इंग्रज सर्जननी १९०८ साली प्रसिद्ध केलं होतं. ज्याला ते करावं लागलं त्याने त्याबद्दल मूग गिळून गप्प राहायचं, अशीच रीत होती. हाल्डेननी हॉस्पिटलच्या खाटेवर त्यावर चक्क एक यमकबद्ध विनोदी कविता लिहिली आणि १९६४ च्या फेब्रुवारीत ती 'न्यू स्टेट्समन' या साप्ताहिकात छापून आणली. कॅन्सर ही मोठी गमतीची गोष्ट आहे, अशा अर्थाचं तिचं शीर्षक. सुरुवात महाकाव्याच्या थाटात: ट्रॉयच्या पाडावात मेले नसतील एवढे लोक या रोगाने मरतात, तर तो गायला होमरचाच आवाज हवा. पुढे रक्त दिसण्यापासून ऑपरेशनपर्यंतची हकिगत, मग पोटावरचं नवं तोंड, त्यावरून पुढे-मागे दोन्हीकडे पाहणाऱ्या रोमन देवाची आठवण. आणि या सगळ्या चेष्टेत एक सरळ सांगणं आहे, की शंका आली तर वाट पाहू नका, डॉक्टरांकडे जा.

हाल्डेन त्या कॅन्सरमधून वाचले नाहीत. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला त्यांचं निधन झालं आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे देह काकीनाड्याच्या रंगराय मेडिकल कॉलेजला देण्यात आला. मग त्या कवितेचा उपयोग काय झाला, असं मला वाचकांच्या एका बैठकीत विचारलं गेलं. ती कविता त्यांनी स्वतःला बरं करण्यासाठी लिहिलेली नव्हती, असं मला ठामपणे वाटतं. संडासात रक्त पाहून दार लावून गप्प बसणाऱ्या कुणा अनोळखी माणसासाठी ती होती. गंभीर सल्ला त्या माणसापर्यंत पोचत नाही, कारण गंभीर सल्ल्यात 'गुदाशय' हा शब्द दबक्या आवाजात येतो. हाल्डेननी तो सर्वांना ऐकू जाईल असा उच्चारला, आणि हसत उच्चारला म्हणून लोकांनी ऐकून घेतला.

आपल्याकडे ही गरज फार मोठी आहे. रक्त पडलं की पहिलं निदान घरातच होतं: मूळव्याध. मग उष्णता बाहेर पडतेय म्हणून सब्जा, ताक, गुलकंद. मग कुणीतरी सांगितलेला झाडपाला. मग पाटीवर 'बिना ऑपरेशन' लिहिलेला एखादा दवाखाना. या पुस्तकातली परभणीकडची एक बाई असं करत करत जवळजवळ वर्ष काढते. नवऱ्याला सांगितलं नाही, कारण लाज. मुलीला सांगितलं नाही, कारण ती दिवस गेलेली. गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ डॉक्टरांच्या बोटाला लागते, तपासणीला दोन मिनिटंही लागत नाहीत. त्या दोन मिनिटांपर्यंत पोचायला या बाईला वर्ष लागलं, आणि तोवर गाठ वाढून पिशवी टळण्याची शक्यता संपली होती. तिचं प्रकरण वाचताना मला अजून राग येतो. तिच्यावर नाही, तिला बोलता येऊ नये अशी जी काही व्यवस्था आपण सगळ्यांनी मिळून केली आहे, तिच्यावर.

हीच बाई ऑपरेशनच्या आदल्या दिवशी काय बोलली ते मी समोर बसून ऐकलं आहे. पिशवीचं छिद्र कुठे करायचं हे आदल्या दिवशी मार्करने खूण करून ठरवतात. आडवं झोपवून खूण केली तर चालत नाही. पेशंटला उभं करतात, खुर्चीवर बसवतात, वाकायला सांगतात, कारण पोटाच्या घडीत छिद्र आलं तर पिशवी नीट चिकटत नाही, घाण झिरपते आणि कातडी सोलवटते. आपल्याकडे आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात: परकराची नाडी कुठे येते आणि पेशंट जमिनीवर मांडी घालून बसणारा आहे का. त्या सिस्टर अनुभवी होत्या. त्यांनी बाईंना लुगडं नेहमीसारखं नेसायला सांगितलं, खाली बसवलं, उठवलं, पुन्हा बसवलं, आणि पोटावर बोटं फिरवत जागा शोधू लागल्या. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माय, पाणाड्या नारळ घिऊन रानात फिरतो तशी फिरायलीस. लागंल का इथं पाणी?"

सिस्टर खळखळून हसल्या, मी हसले, पलीकडच्या खाटेवरची मुलगीसुद्धा हसली. आणि हसू ओसरायच्या आत बाईंनी पुढचा प्रश्न विचारला: मालकाजवळ झोपायचं कसं? गेले आठ-दहा दिवस तो त्यांच्या मनात होता. डॉक्टर रोज राउंडला येत होते, समाजसेविका येऊन फॉर्म भरून गेल्या होत्या, 'काही शंका?' असं सगळ्यांनी विचारलं होतं. पण प्रश्न बाहेर पडला तो पाणाड्याच्या पाठोपाठ. सिस्टरांनी त्याचं उत्तर नीट दिलं. पिशवी आधी रिकामी करायची, छोटी पिशवी मिळते ती लावायची, वरून कापडी पट्टा बांधायचा. छिद्राच्या तांबड्या भागाला हात लागला तरी दुखत नाही, तो गालाच्या आतल्या बाजूसारखा ओलसर असतो. नवऱ्यालाही एकदा उघडून दाखवा, न पाहिल्याचीच भीती जास्त असते. शेवटी या ऑपरेशनमध्ये संबंधांशी निगडित नसांना इजा होऊ शकते, तेव्हा काही त्रास वाटला तर लाजू नका, येऊन सांगा. एवढी माहिती त्या बाईंना त्या दिवशी मिळाली, ती त्यांनी स्वतः केलेल्या विनोदामुळे.

मी हे तपशिलात सांगतेय, कारण या पुस्तकाचा सगळा विश्वास याच गोष्टीवर उभा आहे. पेशंट विनोद करतो तेव्हा आपण त्याच्या धैर्याचं कौतुक करून मोकळे होतो. मला वाटतं, कौतुक करण्यात आपलं ऐकायचं राहून जातं. विनोदाच्या पाठीमागे बहुतेक वेळा एक प्रश्न उभा असतो आणि तो दार उघडायची वाट पाहत असतो. या पुस्तकातला प्रत्येक विनोद वाचताना त्याच्यामागे काय आलं तेही वाचावं, अशी माझी विनंती आहे.

सातारा जिल्ह्यातले एक शेतकरी आहेत. तरुणपणी सैन्यात भरती व्हायला गेले, छातीचं माप कमी भरलं म्हणून परत पाठवले गेले. पुढे तंबाखू, चुना, आणि पन्नाशीत गालाच्या आतल्या बाजूला बरी न होणारी जखम. ऑपरेशनमध्ये जबड्याचा भाग आणि मानेतल्या गाठी एकत्र काढल्या. या ऑपरेशनला सर्जन मंडळी 'कमांडो' म्हणतात आणि वॉर्डात सगळेच तसं म्हणतात. काढलेल्या जागी छातीचा स्नायू आणि कातडी वर वळवून लावली. १९७९ पासून जगभर रुळलेली ही पद्धत आहे. हे गृहस्थ लिहितात, की छाती कमी पडली म्हणून ज्याला सरकारने नाकारलं, त्याची तीच छाती डॉक्टरांनी तोंडात घातली आणि आता सगळा वॉर्ड त्याला कमांडो म्हणतो. यामागे काय आलं? त्यांनी विचारलं, की तोंडात केस का येताहेत. छातीची कातडी गालात लावली की छातीवरचे केस तिथेही वाढतात, आणि ही गोष्ट त्यांना आधी कुणी सांगितली नव्हती. काही दिवस त्यांना वाटत होतं, रोगच परत आला. रेडिएशन दिल्यावर ते केस बहुधा गळतात, नाहीतर कापता येतात. हा एक परिच्छेद जरी पुढच्या पेशंटच्या हाती वेळेवर पडला, तरी त्याच्या काही रात्री वाचतील.

कऱ्हाडच्या एका वकिलांची जीभ मनगटाकडची कातडी, तिच्या रक्तवाहिन्यांसकट, उचलून नव्याने घडवली आहे. ते म्हणतात, आयुष्यभर हातचं राखून बोललो, आता हातच तोंडात गेला, राखायला उरलं नाही काही. त्यांचे 'र' आणि 'ल' अजून नीट येत नाहीत. ते कोर्टात उभे राहतात.

आणि एसटीचे ते निवृत्त कंडक्टर. त्यांचं प्रकरण मला या पुस्तकात सर्वांत प्रिय आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. स्वरयंत्राच्या कॅन्सरसाठी संपूर्ण स्वरयंत्र काढण्याचं पहिलं ऑपरेशन थिओडोर बिलरोथ यांनी व्हिएन्नात १८७३ च्या शेवटच्या दिवशी केलं. आजही त्यानंतर माणूस मानेवर केलेल्या छिद्रातून श्वास घेतो. नाकातून हवा जात नाही म्हणून वास नीट कळत नाही, चहावर फुंकर घालता येत नाही, हाक मारता येत नाही. पहिले काही दिवस त्या छिद्रात कफ साचतो आणि बारीक नळी आत घालून तो यंत्राने ओढून काढावा लागतो. ते चाललं असताना गुदमरल्यासारखं होतं, आणि 'थांबा' म्हणायला तोंडाला आवाज नसतो. पेशंटला वाटणारी सर्वांत मोठी भीती कापण्याची नसते, या क्षणाची असते. बहुतेकांना पाटी-पेन्सिल देतात. पण जीव घाबरा झालेला माणूस लिहिणार कधी?

कंडक्टरांनी दुसऱ्याच दिवशी बायकोला पाटीवर लिहून घरून देवघरातली घंटा आणायला सांगितली. बाईंना वाटलं, आता हे देवधर्माला लागले. घंटा आली तशी त्यांनी सिस्टरना लिहून दाखवलं: एक टोला म्हणजे गाडी थांबवा, दोन टोले म्हणजे जाऊ द्या. एसटीत बसलेल्या प्रत्येकाला हे कळतं, सिस्टर तर नाशिकहून नोकरीला आलेल्या. तेव्हापासून कफ काढताना त्यांच्या हातात घंटा असायची. टण् झालं की नळी बाहेर. थोडा दम खाल्ला की टण् टण्. आठवड्याभरात शेजारच्या खाटांवरच्या दोघांनीही घंटा मागवल्या. एकाने सायकलची आणली. घंटा वाजली की आख्खा वॉर्ड हसायचा आणि कंडक्टरही हसायचे. स्वरयंत्र नसलेल्या माणसाच्या हसण्याला आवाज नसतो, नुसते खांदे हलतात आणि डोळे भरतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो रडतोय असंच वाटतं.

त्यांना पुढे अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यामधल्या पडद्यात बसवायची आवाजाची झडप मिळाली. मानेवरच्या छिद्रावर बोट ठेवलं की हवा त्या झडपेतून जाते आणि घोगरा का होईना, आवाज येतो. अशी झडप अमेरिकेत ब्लॉम आणि सिंगर या दोघांनी १९८० च्या सुमारास आणली. बाहेरून येणारी झडप हजारो रुपयांना पडते आणि ती काही काळाने बदलावी लागते. बेंगळुरूचे सर्जन डॉ. विशाल राव यांनी सुमारे ५० रुपयांत बसेल अशी 'ऑम' नावाची झडप तयार केली, या गोष्टीचं महत्त्व कंडक्टरांसारख्या पेन्शनवर जगणाऱ्या माणसालाच कळेल. घंटेची युक्ती मात्र फुकट आहे. ती कुठल्याही वॉर्डात उद्यापासून वापरता येईल, आणि वापरावी.

हे विनोद जन्माला कुठे येतात, तेही सांगायला हवं. खासगी खोलीत एकटा पडलेला माणूस फारसे विनोद करत नाही. ते जन्मतात वॉर्डात, ओपीडीच्या बाकावर, धर्मशाळेच्या ओट्यावर. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं, तेव्हापासून देशभरातून लोक तिथे येत आहेत, आणि राहायचं कुठे हा त्यांचा रोगाइतकाच मोठा प्रश्न आहे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत अशी कितीतरी कुटुंबं राहतात. नाकात नळी घातलेला बिहारचा माणूस आणि डोक्याला रुमाल बांधलेली विदर्भातली बाई संध्याकाळी एकाच बाकावर बसतात, अर्धी भाषा एकमेकांना कळत नाही, तरी हसतात. गाडगेबाबांच्या कीर्तनात ते समोरच्यांना प्रश्न विचारत, खोड्या काढत, हसवत हसवत मर्मावर बोट ठेवत. त्यांच्या नावाच्या वास्तूत आज ही माणसं एकमेकांना हसवतात, हे मला फार योग्य वाटतं.

आता दुसरी बाजू. हसणं हे औषध आहे, असा प्रचार या पुस्तकातून कुणी करू नये. नॉर्मन कझिन्स यांनी १९७६ साली एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात लिहिलेला लेख पुष्कळ जण दाखला म्हणून देतात. विनोदी चित्रपट पाहून दहा मिनिटं खळखळून हसलं की दोन तास वेदनेशिवाय झोप लागे, असा त्यांचा अनुभव होता. पण त्यांचा आजार सांध्यांचा होता. हसण्याने गाठ वितळत नाही. ती काढायला सर्जन लागतो, वेळेवर लागतो आणि त्याला लागणारा पैसाही लागतो.

त्याहून वाईट म्हणजे हसण्याची सक्ती. अमेरिकन लेखिका बार्बरा एरनराइक यांना स्तनाचा कॅन्सर झाला तेव्हा गुलाबी रिबिनी आणि सतत आनंदी राहण्याचे उपदेश यांचा त्यांना संताप आला, आणि २००१ साली त्यांनी त्यावर एक जळजळीत निबंध लिहिला. आपल्याकडे रिबिनी कमी आहेत, पण 'पॉझिटिव्ह राहा', 'तुम्ही हसत राहा, सगळं छान होईल' हे ऐकून ऐकून पेशंट थकतात. कारण त्यात एक छुपी धमकी असते: छान झालं नाही, तर तुम्ही पुरेसं हसला नाहीत. या पुस्तकात चिपळूणच्या एका गृहस्थांचं प्रकरण आहे, ज्यात एकही विनोद नाही. मला हसू आलं नाही, कुणी हसवायला आलं तर राग यायचा, आणि तरीही मी बरा झालो, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं आहे. ते प्रकरण या पुस्तकात हवंच, यावर आम्हा सगळ्यांचं एकमत होतं.

विनोद करण्याचा पहिला हक्क पेशंटचा. स्तनाचं ऑपरेशन व्हायचं असलेल्या एका शिक्षिकेला टेबलावर घेतल्यावर, भूल चढायच्या आधी, तिथल्या एका डॉक्टरांनी तिच्या अंगाकाठीवरून चेष्टा केली. तिने नंतर स्वतःच्या सपाट छातीवर शंभर विनोद केले, ते पुस्तकात आहेत. पण ती एक चेष्टा तिला आजही टोचते.

आणि एक गोष्ट सगळ्यांच्याच लिहिण्यात येते. भेटायला येणाऱ्यांना धीर द्यावा लागतो. मोसंबी आणि शहाळी घेऊन मंडळी येतात, खाटेशी उभी राहतात, डोळ्यांना पदर लावतात आणि पेशंट त्यांना म्हणतो, बसा, चहा घ्या, काही होत नाही मला. असंच एकदा दूर अमेरिकेतही घडलं. ३ ऑगस्ट २०१२ रोजी लॉस एंजेलिसच्या लार्गो या क्लबमध्ये टिग नोटारो ही विनोदी कलाकार रंगमंचावर आली. तिला दोन्ही स्तनांचा कॅन्सर असल्याचं कळून काही दिवसच झाले होते. तिने नेहमीसारखं शुभ संध्याकाळ म्हटलं आणि त्याच सुरात मला कॅन्सर आहे असं सांगितलं. प्रेक्षक हसले, मग गोंधळले, काही हळहळू लागले, आणि पुढचा बराच वेळ ती प्रेक्षकांचीच समजूत काढत राहिली. पुढे तिचे दोन्ही स्तन काढले, आणि नंतरच्या एका कार्यक्रमात तिने शर्ट काढून व्रण तसेच दाखवत उरलेले विनोद केले. त्या सादरीकरणाबद्दल वाचताना मला लॉस एंजेलिस आठवत नाही, आमच्या वॉर्डातली भेटीची वेळ आठवते, चार ते सहा.

स्वतःचं सांगितल्याने दुसऱ्याचं वाचतं, याला पुरावे आहेत. १९७४ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांचा स्तन काढावा लागला. त्यांनी ते लपवलं नाही, आणि पुढच्या काळात तपासणीला आलेल्या बायकांची रीघ लागली. निदान झालेल्यांचा आकडाही उघड दिसेल इतका वाढला. आपल्याकडे शरद पवार यांच्या तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन २००४ साली झालं. सहा महिन्यांत महत्त्वाची कामं उरकून घ्या, असं एका तरुण डॉक्टराने सुचवल्याचा किस्सा ते सभांमधून स्वतः सांगतात, आणि तंबाखू-सुपारीपासून दूर राहा हेही सांगतात. राजकारण कुणाला पटो न पटो, गावातला तंबाखू मळणारा माणूस हा किस्सा ऐकतो. मराठीत आजारपणावर हसत लिहिण्याची वाटही नवी नाही. पद्मजा फाटक यांनी मूत्रपिंडाच्या आजारावर लिहिलेलं 'हसरी किडनी' अनेकांनी वाचलेलं असेल. कॅन्सरवर, आणि त्यातही ज्या अवयवांचं नाव घ्यायला आपण कचरतो त्यांच्या कॅन्सरवर, असं बोलणारे आवाज अजून फार थोडे आहेत.

या पुस्तकातल्या एका लेखकाला हे छापलेलं पाहता आलं नाही. ते कोल्हापूरचे गुऱ्हाळवाले होते, मूत्राशय काढलेलं होतं, आणि त्यांनी आपल्या अंत्ययात्रेबद्दल दोन पानं लिहिली आहेत. कोण उशिरा येईल, कोण खांदा द्यायच्या वेळी फोनवर बोलत असेल, कुणाचा रडताना आवाज चढेल, सगळं नावानिशी. ते गेल्यावर मुलगा म्हणाला, ती पानं काढून टाकू. त्यांच्या पत्नीने नकार दिला. त्या म्हणाल्या, त्यांनी लिहिलं होतं तसंच सगळं झालं, आणि मला त्या दिवशी तेवढाच आधार होता. फक्त नातेवाइकांची नावं आम्ही बदलली आहेत. ती पानं आम्ही शेवटी नेऊन ठेवलेली नाहीत. त्यांनी ज्या क्रमाने लिहून दिली त्या क्रमानेच ती प्रकरणाच्या मध्यावर येतात, आणि त्यानंतर गुळाच्या भावावर त्यांची आणखी तीन पानं आहेत.

पुस्तक सलग वाचायलाच हवं असं नाही. ऑपरेशन दोन दिवसांवर असेल तर कंडक्टरांचं आणि परभणीच्या बाईंचं प्रकरण आधी वाचा, आणि घरून काय न्यायचं याची जी यादी त्यांनी दिली आहे ती कुणाकडून तरी लिहून घ्या. सोबत राहणाऱ्यांनी चिपळूणच्या गृहस्थांचं वाचावं. डॉक्टर आणि सिस्टर मंडळींना शिक्षिकेचं प्रकरण वाचायला मी हात जोडून सांगते. आणि ज्यांना रक्त दिसतंय, गालात जखम आहे, आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आहे किंवा छातीत गाठ लागतेय, त्यांनी इथेच खूण घालून पुस्तक मिटावं आणि आधी तपासून यावं.